फ्रान्सचे सैन्य आणि आफ्रिकेतील सत्ता : लिब्रव्हिल १९६४ ते डाकार २०२५

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलची राजधानी डाकार येथे १७ जुलै २०२५ रोजी एका छोटेखानी लष्करी समारंभात फ्रान्सने आपला अखेरचा तळ सेनेगलच्या सेनाधिकाऱ्यांकडे सुपूर्द केला. त्याआधीच्या तीन वर्षांत माली, बुर्किना फासो, नायजर, चाड आणि आयव्हरी कोस्ट या पाच देशांतून फ्रान्सचे सैनिक याच रीतीने, काही ठिकाणी सन्मानाने तर काही ठिकाणी जमावाच्या घोषणा ऐकत, बाहेर पडले होते. या देशांना स्वातंत्र्य मिळून साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर हे घडले. स्वतंत्र देशांत परकीय सैन्य इतका काळ कोणत्या अधिकाराने राहिले आणि ते नेमके कोणाचे रक्षण करीत होते, हा प्रश्न आफ्रिकेच्या आधुनिक राजकारणाच्या मुळाशी आहे.

स्वातंत्र्य आणि त्यासोबतचे करार

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने इंडोचायना गमावला होता आणि अल्जीरियातील युद्ध त्याला झेपेनासे झाले होते. सप्टेंबर १९५८ मध्ये अध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या शार्ल द गॉल यांनी आफ्रिकेतील वसाहतींपुढे सार्वमताद्वारे दोन पर्याय ठेवले. फ्रान्सच्या नेतृत्वाखालील राष्ट्रसमूहात राहावे, अथवा तत्काळ स्वातंत्र्य घेऊन सर्व मदतीस मुकावे. केवळ गिनीने 'नाही' असे उत्तर दिले. सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखालील या लहानशा देशाला त्याची किंमत तत्काळ मोजावी लागली. फ्रेंच अधिकारी, शिक्षक, डॉक्टर अल्पावधीत परत बोलावण्यात आले. जाताना त्यांनी कचेऱ्यांतील कागदपत्रे नेली आणि दूरध्वनी यंत्रेही उखडून नेल्याचे सांगितले जाते. १९६० मध्ये गिनीने स्वतःचे चलन सुरू केले, तेव्हा त्याच्या खोट्या नोटा छापून बाजारात सोडण्यात आल्या. हे काम फ्रान्सच्या गुप्तचर खात्याचेच होते, असे त्या खात्याच्या एका माजी अधिकाऱ्याने पुढे मान्य केले.

गिनीचा हा अनुभव शेजारी देशांनी पाहिला होता. १९६० या एका वर्षात फ्रान्सच्या अमलाखालील चौदा देश स्वतंत्र झाले, मात्र त्यांपैकी बहुतेकांनी स्वातंत्र्याच्या दस्तऐवजासोबत सहकार्याचे करारही केले. त्यांत चलन, शिक्षण, खनिजे आणि संरक्षण असे सर्व विषय होते. एप्रिल १९६१ मध्ये आयव्हरी कोस्ट, डाहोमे (आजचे बेनिन) आणि नायजर यांच्याशी झालेल्या संरक्षण कराराला सामरिक महत्त्वाच्या कच्च्या मालाविषयीचे परिशिष्ट जोडलेले आहे. खनिज तेल, युरेनियम, थोरियम, लिथियम यांसारख्या पदार्थांच्या विक्रीत फ्रान्सला अग्रक्रम द्यावा, असे त्याचे तात्पर्य. संरक्षणाच्या कराराला खनिजांचे परिशिष्ट का असावे, याचे उत्तर त्या दस्तऐवजातच मिळते.

काही देशांशी झालेल्या करारांतील आणखी एक भाग मात्र दशकानुदशके गुप्त राहिला. बाह्य आक्रमणापासून संरक्षण हे उघड कलम होते. देशांतर्गत बंडाळी झाल्यास राष्ट्राध्यक्षाने फ्रान्सची लष्करी मदत मागावी, ही तरतूद अप्रकाशित राहिली. या गुप्त कलमांचा फेरविचार करून करार प्रसिद्ध करण्याचे आश्वासन फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी दिले ते २००८ साली, केप टाउन येथील भाषणात.

भारतीय वाचकाला येथे पुदुच्चेरीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम येथील सत्ता फ्रान्सने १९५४ मध्ये वाटाघाटींनी सोडली आणि मागे एकही तुकडी ठेवली नाही. तेथे समोर भारतासारखा मोठा देश होता. आफ्रिकेतील नवे देश लहान, नवखे आणि एकमेकांपासून तुटलेले होते.

गॅबनमधील दोन दिवस

गुप्त कलमाचा अर्थ फेब्रुवारी १९६४ मध्ये जगासमोर आला. विषुववृत्तावरील गॅबन या अल्प लोकसंख्येच्या, परंतु खनिज तेल, युरेनियम व लाकूड यांनी संपन्न देशात राष्ट्राध्यक्ष लिऑन म्बा यांनी संसद बरखास्त करून विरोधकांना निष्प्रभ करण्याचा घाट घातला होता. १७ फेब्रुवारीच्या रात्री गॅबनच्याच तरुण सेनाधिकाऱ्यांनी त्यांना ताब्यात घेतले. सत्तांतर जवळजवळ रक्तपाताविना झाले आणि ज्याँ-हिलेअर ओबाम या विरोधी नेत्याकडे हंगामी सरकारचे नेतृत्व सोपविण्यात आले. राजधानी लिब्रव्हिलमध्ये म्बा यांच्या बाजूने कोणी रस्त्यावर उतरले नाही.

पॅरिसमध्ये मात्र निर्णय झाला होता. आफ्रिकाविषयक कामकाजाची सूत्रे तेव्हा झाक फोकार यांच्या हाती होती. १९६० ते १९७४ या काळात ते थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी होते आणि परराष्ट्र मंत्रालयाला अनेकदा वगळूनच कारभार करीत. डाकार व ब्राझाव्हिल येथील तळांवरून फ्रान्सचे छत्रीधारी सैनिक लिब्रव्हिलला उतरविण्यात आले. बंडखोरांच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन्ही बाजूंचे सैनिक मारले गेले आणि दोन दिवसांच्या आत म्बा पुन्हा अध्यक्षीय प्रासादात पोहोचले. मदतीची रीतसर मागणी कोणी व केव्हा केली, याविषयी त्या वेळीच वाद झाला, कारण ती मागणी करू शकणारी व्यक्ती तर बंडखोरांच्या कैदेत होती.

नंतरची हकीकत तितकीच बोलकी आहे. ओबाम यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. एप्रिलमध्ये झालेल्या निवडणुकीत दडपणाखालीही विरोधकांनी ४७ पैकी १६ जागा मिळविल्या. पुढे म्बा आजारी पडून पॅरिसच्या रुग्णालयात दाखल झाले आणि १९६७ मध्ये त्यांनी नव्या कार्यकाळाची शपथ घेतली ती स्वदेशात नव्हे, तर पॅरिसमधील गॅबनच्या दूतावासात. त्याच वर्षी त्यांच्या निधनानंतर उपाध्यक्ष ओमार बोंगो सत्तेवर आले आणि २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षे, तेथेच राहिले. त्यांच्यानंतर पुत्र अली बोंगो आले. या सर्व काळात लिब्रव्हिलमधील फ्रान्सची छावणी कायम होती.

हस्तक्षेप करणे आणि न करणे

गॅबननंतरच्या लष्करी कारवायांची संख्या पन्नासच्या घरात सांगितली जाते. गणना कशी करावी यावर हा आकडा बदलतो. त्या सर्वांचा वृत्तांत येथे देण्याचे कारण नाही. परंतु कोठे सैनिक पाठविले यासोबतच कोठे पाठविले नाहीत, हेही पाहावे लागते. नायजरमध्ये एप्रिल १९७४ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष हमानी दिओरी यांची सत्ता उलथविली. दिओरी तेव्हा युरेनियमला वाढीव दर मिळावा म्हणून फ्रान्सशी वाटाघाटी करीत होते. राजधानी नियामे येथे फ्रेंच तुकडी हजर होती. ती हलली नाही. सत्तापालटामागे फ्रान्सचा हात होता असे यावरून सिद्ध होत नाही. दहा वर्षांपूर्वी म्बा यांना जे संरक्षण मिळाले ते दिओरींना मिळाले नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील प्रकार याहून नाट्यमय होता. फ्रान्सच्या सैन्यात सेवा केलेल्या ज्याँ-बेदेल बोकासा यांनी १९६५ च्या अखेरच्या रात्री आपलेच आप्त, राष्ट्राध्यक्ष डेव्हिड डाको यांना पदच्युत केले. ४ डिसेंबर १९७७ रोजी त्यांनी नेपोलियनच्या धर्तीवर स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या या देशात त्या सोहळ्यावर सुमारे २ कोटी डॉलर उधळले गेल्याचा अंदाज असून त्यास फ्रान्सचे साहाय्य होते. १९७९ च्या आरंभी शाळकरी मुलांनी सक्तीच्या महागड्या गणवेशाविरुद्ध निदर्शने केली. एप्रिलमध्ये बांगी येथील तुरुंगात मुलांची हत्या झाली आणि आफ्रिकी न्यायविदांच्या आयोगाने बोकासा यांचा त्यात सहभाग असल्याचा निष्कर्ष काढला. सम्राट आता अडचणीचे ठरले होते. सप्टेंबरमध्ये ते लिबियाच्या भेटीवर असताना फ्रान्सच्या सैनिकांनी राजधानी ताब्यात घेतली. त्यांच्याच विमानातून आलेल्या नव्या राष्ट्राध्यक्षाचे नाव होते डेव्हिड डाको.

पॅरिसमध्येही याचे पडसाद उमटले. फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तें यांनी बोकासा यांच्याकडून हिरे स्वीकारल्याची बातमी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि १९८१ मधील त्यांच्या पराभवास ते प्रकरण काही अंशी कारणीभूत ठरले, असे मानले जाते. त्यांच्या जागी आलेल्या समाजवादी फ्रान्स्वा मित्तराँ यांच्याकडून आफ्रिकेत मोठ्या अपेक्षा होत्या. धोरण फारसे बदलले नाही.

या धोरणाचा सर्वांत काळा अध्याय रवांडात लिहिला गेला. ऑक्टोबर १९९० पासून फ्रान्सने हब्यारिमाना यांच्या सरकारला सैनिक, शस्त्रे व प्रशिक्षण दिले. एप्रिल १९९४ मध्ये याच राजवटीतील जहालांनी तुत्सींचा वंशसंहार आरंभिला. त्यात सुमारे ८ लाख लोक मारले गेले. फ्रान्सच्या विमानांनी पहिल्या काही दिवसांत युरोपीय नागरिकांना आणि हब्यारिमाना यांच्या पत्नीलाही सुखरूप बाहेर काढले. फ्रान्सनेच नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने मार्च २०२१ मध्ये अहवाल देताना, वंशसंहारातील सहभागाचा पुरावा आढळला नसला तरी फ्रान्सवर अत्यंत गंभीर जबाबदारी येते, असा निर्वाळा दिला. त्यासाठी २७ वर्षे जावी लागली.

या व्यवस्थेत आफ्रिकी राज्यकर्ते केवळ बळी होते असे समजणे चुकीचे ठरेल. आयव्हरी कोस्टचे फेलिक्स उफ्वे-ब्वान्यी यांच्यासारख्या नेत्यांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. स्वतःचे बलाढ्य सैन्य उभारले तर तेच उलटेल, अशी भीती त्यांना होती. परक्यांची छावणी त्यापेक्षा सुरक्षित वाटे. चलनाचेही तसेच. १९४५ मध्ये निर्माण झालेला सीएफए फ्रँक फ्रान्सच्या हमीमुळे स्थिर राहिला, परंतु त्या मोबदल्यात सदस्य देशांना परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा पॅरिसच्या कोषागारात ठेवावा लागे. पश्चिम आफ्रिकेतील देशांपुरती ही अट रद्द करण्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाचे मूल्य एका फटक्यात निम्म्यावर आले, तेव्हा आयात औषधे व धान्य यांच्या किमती सामान्य माणसाने मोजल्या.

लिबिया आणि त्यानंतर

२०११ हे वर्ष या इतिहासातील निर्णायक वळण ठरले. एप्रिलमध्ये आयव्हरी कोस्टमध्ये निवडणुकीतील पराभव अमान्य करणारे लॉराँ बाग्बो यांच्याविरुद्ध फ्रान्स व संयुक्त राष्ट्रांची हेलिकॉप्टरे वापरली गेली आणि विजयी घोषित झालेले आलासान वातारा सत्तेवर आले. बाग्बो यांना पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने निर्दोष ठरविले, तर वातारा यांनी २०२५ मध्ये चौथ्यांदा अध्यक्षपद मिळविले.

लिबियाचे परिणाम अधिक दूरगामी होते. मुअम्मर गद्दाफी यांच्याविरुद्धच्या उठावात बेनगाझीतील नागरिकांच्या जिवाला धोका असल्याचे सांगून १७ मार्च २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक १९७३ संमत करण्यात आला. दहा मते अनुकूल होती. भारत, ब्राझील, चीन, रशिया आणि जर्मनी हे पाच सदस्य तटस्थ राहिले. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि गॅबन या तिन्ही आफ्रिकी सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, हेही नोंदविले पाहिजे. आफ्रिकी संघाने मात्र वाटाघाटींसाठी राष्ट्रप्रमुखांची समिती नेमली होती. ती लिबियाला जाण्याच्या तयारीत असताना १९ मार्च रोजी फ्रान्सच्या विमानांनी पहिले हल्ले केले आणि समितीला तेव्हा उड्डाणाची परवानगी मिळाली नाही. नागरिकांच्या संरक्षणासाठी सुरू झालेली मोहीम राजवट उलथविण्यापर्यंत गेली. २० ऑक्टोबर रोजी गद्दाफी मारले गेले आणि महिनाअखेरीस नाटोने मोहीम समाप्त केली. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६ मध्ये या सर्व प्रकाराची चिकित्सा करताना, नागरिकांवरील धोक्याचे चित्र वस्तुस्थितीपेक्षा मोठे रंगविले गेले होते, असे म्हटले.

गद्दाफी यांच्या सैन्यात सहारातील तुआरेग जमातीचे अनेक लढवय्ये होते. त्यांच्यासह शस्त्रसाठे वाळवंट ओलांडून मालीत पोहोचले. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर मालीत बंड झाले, मार्चमध्ये राजधानी बामाकोत लष्करी सत्तापालट झाला आणि काही आठवड्यांतच टिंबक्टू, गाओ, किदाल ही शहरे सरकारच्या हातून गेली. तुआरेग बंडखोरांना बाजूला सारून अल् कायदाशी संबंधित गटांनी तेथे अंमल बसविला. टिंबक्टूतील सूफी संतांचे शतकानुशतकांचे दर्गे कुदळींनी पाडण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये हे गट दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हा मालीच्या हंगामी अध्यक्षांनी फ्रान्सकडे मदत मागितली.

या वेळची मागणी खरी होती आणि स्वागतही खरे होते. ११ जानेवारीला सुरू झालेल्या मोहिमेने महिनाभरात शहरे मुक्त केली. २ फेब्रुवारीला फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा ओलाँद टिंबक्टूत आले तेव्हा लोकांनी दोन्ही देशांचे ध्वज फडकावून त्यांचा जयजयकार केला. त्याच मोहिमेत एक गोष्ट अशी घडली की जी बामाकोत कोणी विसरले नाही. किदाल शहरात फ्रान्सचे सैनिक गेले, परंतु मालीच्या सैन्याला त्यांनी सोबत घेतले नाही. तुआरेग बंडखोर तेथेच राहिले. आपला देश आपल्याला पूर्ण परत मिळाला नाही, ही भावना तेव्हापासून रुजली.

२०१४ मध्ये या मोहिमेचे रूपांतर साहेल प्रदेशातील पाच देशांत पसरलेल्या, कमाल ५,१०० सैनिकांच्या मोहिमेत झाले. दहशतवादी गटांचे अनेक म्होरके मारले गेले, पण हिंसाचार मध्य मालीत, तेथून बुर्किना फासो व नायजरमध्ये पसरत गेला. साहेलमध्ये ५८ फ्रेंच सैनिकांनी प्राण गमावले. ३ जानेवारी २०२१ रोजी मध्य मालीतील बुंती या खेड्याजवळ फ्रान्सच्या विमानांनी हल्ला केला. तेथे विवाहसमारंभ सुरू होता आणि मृत २२ जणांपैकी १९ सामान्य नागरिक होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आढळले. फ्रान्सने ते अमान्य केले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये चाडचे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांचा मृत्यू झाला. तीस वर्षे सत्तेवर असलेल्या देबी यांना वाचविण्यासाठी फ्रान्सने २००८ मध्ये मदत केली होती आणि २०१९ मध्ये बंडखोरांच्या ताफ्यावर बॉम्बहल्लेही केले होते. त्यांच्या पुत्राने राज्यघटना गुंडाळून सत्ता हाती घेतली. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन अंत्यविधीला जातीने उपस्थित राहिले. पुढच्याच महिन्यात मालीत पुन्हा सत्तापालट झाला, तेव्हा मात्र त्यांनी कठोर शब्दांत निषेध केला. हा फरक साहेलमधील तरुणांच्या नजरेतून सुटला नाही.

माघार

मालीतून ऑगस्ट २०२२, बुर्किना फासोतून फेब्रुवारी २०२३ आणि नायजरमधून डिसेंबर २०२३ असा माघारीचा क्रम राहिला. नायजरच्या नव्या लष्करी राजवटीने अमेरिकेलाही निरोप दिला. अगादेझ येथील तिचा ड्रोन तळ २०२४ मध्ये रिकामा झाला. जून २०२५ मध्ये फ्रेंच कंपनीच्या बहुमताची युरेनियम खाण राष्ट्रीयीकृत करण्यात आली. ज्या पदार्थाचे नाव १९६१ च्या परिशिष्टात होते, त्याच्या मालकीचा प्रश्न अशा रीतीने ६४ वर्षांनी पुन्हा उघडला गेला.

फ्रान्सच्या जाण्याने शांतता आली, असे म्हणता येत नाही. मालीने रशियाच्या वॅग्नर गटाचे भाडोत्री सैनिक आणले. मार्च २०२२ मध्ये मौरा या गावी मालीचे सैनिक व त्यांच्यासोबतचे परदेशी यांनी किमान ५०० जणांना ठार केले, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून अल् कायदाशी संलग्न गटाने इंधनाच्या टँकरची वाट रोखून बामाकोची कोंडी केली आणि काही काळ शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी काये भागातील एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगारांचे अपहरण झाले. मालीतील युद्धाची झळ अशा प्रकारे भारतातील घरांपर्यंत पोहोचली. सत्ताधारी सेनाधिकाऱ्यांनी निवडणुका पुढे ढकलल्या, राजकीय पक्ष विसर्जित केले. परकीय छावणी गेली. राज्यकर्त्याला जाब विचारण्याची सोय मात्र आलेली नाही.

सेनेगलचे उदाहरण वेगळे आहे. तेथे सत्तांतर मतपेटीतून झाले आणि निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बासिरू दियोमाय फाय यांनी तळ बंद करण्याची मागणी केली. डाकारजवळील थियारॉय येथे १ डिसेंबर १९४४ रोजी थकीत वेतन मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रान्सच्या सैन्याने गोळीबार केला होता. हे सैनिक फ्रान्सच्याच बाजूने महायुद्ध लढून परतले होते. त्या घटनेला हत्याकांड म्हणून मान्यता देणारे मॅक्रॉन यांचे पत्र फाय यांना ८० व्या स्मृतिदिनाच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाले. त्याच दिवशी चाडनेही फ्रान्सबरोबरचा संरक्षण करार संपुष्टात आणण्याची घोषणा केली.

लिब्रव्हिलमध्ये ३० ऑगस्ट २०२३ रोजी, निवडणुकीचा निकाल जाहीर होताच, सेनाधिकाऱ्यांनी अली बोंगो यांना नजरकैदेत ठेवले. बोंगो घराण्याची ५५ वर्षांची सत्ता काही तासांत संपली. बोंगो यांनी ध्वनिचित्रफितीद्वारे मित्रांना आवाज उठविण्याचे आवाहन केले. शहरातील छावणीत फ्रान्सचे सुमारे ४०० सैनिक होते. या वेळी ते बाहेर पडले नाहीत.